रुग्णही वाटेवर असतो

डॉ. रुखसाना जागीरदार मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अमरावतीत एका शेअर ऑटोत बसून फायर ब्रिगेडच्या गाडीचा पाठलाग करत होत्या. त्याच ऑटोत मीही होतो, आणि मला जायचं होतं बडनेऱ्याला.

"भाऊ, थ्या लाल गाडीच्या मांगं घ्या," मॅडम म्हणाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या बाई, सुती साडी, डोक्यावर पदर, आणि एका हातात काळ्या डबीसारखं यंत्र. ते यंत्र त्यांनी ऑटोबाहेर धरलेलं होतं.

"बाई, बाकीच्या शिटा हायेत ना माह्या गाडीत," ऑटोवाला म्हणाला.

"त्यायचं भाडं मी देते. कोनाले घाई हाये?"

कोणी उतरलं नाही. मला घाई नव्हतीच. ऑटो वळला.

आग लागली होती एका गाद्यांच्या दुकानाला. आम्ही पोचलो तेव्हा अर्धा मोहल्ला तिथं जमलेला होता आणि जो तो आत घुसून गाद्या ओढून काढत होता. मीही ओढल्या. धुराने डोळे चुरचुरायला लागल्यावर बाहेर आलो, तर मॅडम समोर उभ्या. त्यांनी मला विचारलं, "तू कोन? दुकान तुमचं हाये?"

"नाई."

"मंग आगीकडं काहून पळाला?"

मी म्हणालो, "सगळेच पळून राह्यले होते."

मॅडम हसल्या. "पुस्तकात सगळे उलटे पळतात," त्या म्हणाल्या. "आगीपासून दूर. मी ते पुस्तक शिकवते."

आमची ओळख ही अशी झाली. मॅडमच्या या गौरवग्रंथात त्यांच्या संशोधनावर लिहिणारे प्राध्यापक आहेत, परदेशात गेलेले त्यांचे विद्यार्थी आहेत. माझं शिक्षण बारावीच्या अलीकडेच कुठंतरी थांबलं. त्यानंतर मोर्शीला संत्र्याच्या पेट्या भरल्या, चांदूर बाजारला मोबाइलच्या दुकानात बसलो, लग्नाच्या वरातीत लाइटच्या झुंबरांची गाडी ढकलली. कुठंच वर्षभर टिकलो नाही. संपादक मंडळींनी मला सांगितलं की पाहिलं तेवढंच लिही. म्हणून तेवढंच लिहितो आहे. विद्वत्तेची बाजू बाकीच्यांनी सांभाळलेली असेलच.

मॅडमनी मला त्याच आठवड्यात कामावर घेतलं. त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या क्लार्कने माझ्याकडे पाहून विचारलं, "याची पात्रता काय, मॅडम?"

"हा एका जागी बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला असाच माणूस पाहिजे होता."

काम साधं होतं. कमरेला ती काळी डबी बांधायची आणि ॲम्ब्युलन्सवर, फायरच्या बंबावर, जिथं जागा मिळेल तिथं बसून फिरायचं. डबी आभाळातल्या उपग्रहांवरून आपण कुठं आहोत ते नोंदत राहायची. संध्याकाळी ती मॅडमच्या संगणकाला जोडली की पडद्यावर ठिपके धावायला लागत. मीच तो ठिपका, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. दिवसभर किती भटकतो आपण, हे असं कोणी दाखवलं नव्हतं.

मॅडमचं म्हणणं मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. संकटात सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या माणसांना, म्हणजे बंबावरच्या जवानांना, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला, पोलिसांना, एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. त्यासाठी वायरलेसची व्यवस्था लागते. तिचे खांब कुठं उभे करायचे, हे ठरवायचं तर ही माणसं कशी हलतात ते आधी कळायला हवं. जुन्या पद्धतीत संगणकावरचे ठिपके कुठंही भरकटत सोडून देत, म्हणजे साधारण माझ्यासारखे. मॅडम म्हणत, बचाव करणारा माणूस भरकटत नाही. बंबाचा प्रमुख एका जागी उभा असतो आणि त्याची माणसं पाण्याच्या पाइपाच्या लांबीएवढ्याच घेऱ्यात फिरतात. ॲम्ब्युलन्स झोका घेतल्यासारखी जाते आणि येते. जिथं ठिपके घोळका करतात तिथं बोलणं जास्त, तिथं खांब हवा. जिथून ते नुसते सुसाट निघून जातात, तिथला खांब वाचवता येतो.

आमच्या भागातली पळापळ पुस्तकातल्यासारखी नसते, हेही त्यांनीच दाखवून दिलं. अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली की हमाल, गाडीवाले, शेजारचे चहावाले, सगळे आत धावतात, कापूस वाचवायला. त्या गर्दीतून बंबवाल्याला वाट काढावी लागते. मॅडमनी ही उलटी धावणारी गर्दी हिशेबात धरली. त्यांच्या या कामाला बाहेरच्या देशात मान मिळाला, असं मी ऐकलं. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी त्यांनी डिपार्टमेंटच्या शिपायापासून सगळ्यांना गरम कचोरी खाऊ घातली आणि स्वतः अकोल्याला आईला भेटायला निघून गेल्या.

अकोला त्यांचं माहेर. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची वडिलोपार्जित शेती पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ती शेती त्यांचे धाकटे भाऊ हारूनभाई करत. कपाशी, तूर, जमलं तर हरभरा. मी दोन-तीनदा त्यांच्या गावातल्या घरी जेवलो आहे. हारूनभाई मला म्हणाले होते, "आमची आपा ठिपके पाह्यते आन् मी बोंडअळी पाह्यतो. दोघायचेबी डोळे गेले."

ती वर्षं वाईट होती. सगळ्यांना माहीत आहेत, मी सांगायला नको. मी ॲम्ब्युलन्सवर होतो म्हणून एवढंच सांगतो की फवारणीच्या दिवसांत गावाकडून येणारे फोन बहुतेक विषबाधेचे असत. काही फवारताना बाधलेले असत, काही दुसरे. आमचे ड्रायव्हर भीमराव काका स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहायचे, गाडी रिकामी झाल्यावर. अशा दिवशी मॅडम आम्हाला घरी बोलवत. त्यांच्या दारात साबण आणि पाण्याची बादली ठेवलेली असे. "आधी हात धुवा, मंग जेवा," एवढंच बोलत. डबी मागत नसत. एकदा मीच काढून द्यायला गेलो तर म्हणाल्या, "आज राहू दे, बाबू. आजचा रस्ता आज कोणी विचारू नये." भीमराव काका त्या जेवणानंतर मला म्हणाले, "दिन्या, ह्या बाईले कळते."

हे मुद्दाम सांगितलं. पुढं जे घडलं ते मला अजून नीट पचलेलं नाही.

मॅडमच्या आराखड्याप्रमाणे अकोल्याच्या बाजूला वायरलेसची चाचणी सुरू झाली होती. एका सरकारी कचेरीतली खोली मिळाली होती, तिथं संच, नकाशा आणि मॅडम. ॲम्ब्युलन्सवर भीमराव काका, एक नर्सताई आणि मी. चाचणी नीट झाली की अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांसाठी आराखडा मंजूर होणार, असं ठरल्यात जमा होतं. मॅडमच्या इतक्या वर्षांच्या कामाचा तो शेवटचा टप्पा होता.

दुपारी जेवण झाल्यावर फोन आला. ग्रामपंचायतीच्या फोनवरून. फवारताना माणूस पडला आहे, तोंडाला फेस आहे, घाम थांबत नाही. मॅडमनी गावाचं नाव विचारलं. मग घर विचारलं. हे मला नंतर कचेरीतल्या माणसाने सांगितलं. आम्हाला गाडीत ऐकू आलं ते एवढंच:

"भीमरावजी, पूर्णेकाठी जायचं आहे. जागीरदारांच्या घरी. हारून जागीरदार. फवारणीची बाधा."

आवाज रोजच्यासारखाच होता. मी नर्सताईंकडे पाहिलं. भीमराव काकांनी गाडी काढली.

त्या गावाला जायला दोन वाटा आहेत. एक डांबरी, मोठ्या फाट्यावरून वळणारी. दुसरी आतली, नदीकाठून, अरुंद, पण कमी अंतराची. भीमराव काकांना आतली वाट पाठ होती. "मॅडमचा भाऊ हाये, लवकर नेतो," ते म्हणाले आणि आत वळले. वळल्यावर थोड्या वेळात वायरलेस गप्प झाला. तो तिथं गप्प होणारच होता. त्या टापूत खांब नव्हता, कारण आराखड्याप्रमाणे तिथून गाडी फक्त जाणार आणि येणार होती. थांबणार नव्हती.

आम्ही घरापुढं गाडी उभी केली तर ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ आणि शेजारच्या बाया. नर्सताई इंजेक्शनची पेटी घेऊन उतरल्या.

"पेशंट कुठं हाये?"

"अरे, गेले ना," म्हातारे म्हणाले. "तुमालेच घ्याले गेले. फाट्यावर."

भीमराव काकांनी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. शेजारच्या गजाननरावांनी त्यांच्या मेटॅडोरमध्ये हारूनभाईंना घातलं, सोबत सायरा भाभी, हारूनभाईंच्या पत्नी, आणि डांबरी रस्त्याने फाट्याकडे निघाले. ॲम्ब्युलन्सला समोरून जाऊन भेटावं म्हणून.

वाचकांपैकी कोणी शहरातले असतील तर त्यांना नवल वाटेल. आमच्याकडे कोणी येणार असलं की माणूस घरी बसून वाट पाहत नाही, फाट्यावर घ्यायला जातो. जावई असो, मास्तर असो, बियाण्यांचा कंपनीवाला असो. त्यात मान आहे आणि काळजीही आहे, नवख्या माणसाची वाट चुकू नये याची. त्या दिवशी त्यांनी ॲम्ब्युलन्सलाही तसंच घ्यायला जावं असं ठरवलं, आणि सोबत रुग्णही नेला, म्हणजे तेवढाच वेळ वाचेल. इकडे भीमराव काकांनी वेळ वाचावा म्हणून आतली वाट धरली. दोघांनी एकमेकांचा वेळ वाचवला आणि भेट चुकली.

भीमराव काकांनी गाडी वळवली. फाट्यावर पोचलो तर तिथं कोणी नव्हतं. पानटपरीवाला म्हणाला, "बम वेळ थांबले होते बाप्पा. मोबाइलले टावर नोता. मंग म्हने ॲम्ब्युलन्स आलीच नाई वाटते, आन् अकोल्याकडं निंगून गेले."

त्यांना आम्ही गाठलं ते थेट दवाखान्याच्या फाटकात. मेटॅडोरच्या मागच्या बाजूला भाभी बसल्या होत्या, हारूनभाईंचं डोकं मांडीवर घेऊन. नर्सताई चढल्या, आणि मग हळूच खाली उतरल्या.

वेळेवर भेटलो असतो तर ते वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. बाधा जबर होती. अनेकांनी मॅडमना तेच सांगितलं. मॅडमनी ते कोणाकडूनही ऐकून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी जियारत होती. म्हणजे गेलेल्या माणसासाठी कुराण वाचायला नातेवाईक जमतात तो दिवस. मी आणि भीमराव काका गेलो. अंगणात पुरुष मंडळी बसली होती, आत बायका. सायरा भाभी आतल्या खोलीत, दारावर पडदा. आम्हीही अंगणात एका बाजूला बसलो. दुआ झाली. गोड भात वाटला जात होता. तेवढ्यात मॅडम आतून आल्या आणि दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. पडद्याच्या एका बाजूला भाभी, दुसऱ्या बाजूला आम्ही, मध्ये मॅडम.

"भीमरावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही आत कुठून वळलात? पुलाच्या अलीकडून की पलीकडून?"

भीमराव काकांच्या हातातला घास तसाच राहिला.

"अलीकडून," ते म्हणाले.

मॅडमनी मान आत वळवली. "सायरा, तुम्ही फाट्यावर गाडी कुठं उभी केली? टपरीजवळ की झाडाखाली?"

मॅडमचे एक चाचा उठून उभे राहिले. "रुखसाना," ते म्हणाले, आणि पुढचं उर्दूत बोलले. मला पूर्ण समजलं नाही, पण कोणालाही समजेल असं ते बोलणं होतं. आज, इथं, त्याच्या घरात, हे विचारतेस? कॉलेज सोडून आली नाहीस का तू?

मॅडम खाली पाहत बसून राहिल्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. ज्या बाईंनी आम्हाला वाईट दिवशी कधी रस्ता विचारला नाही, त्या स्वतःच्या भावाच्या जियारतीला रस्ता विचारत होत्या. माझ्या डोक्यात ते बसेना. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा रागही आला.

मग पडद्यामागून भाभींचा आवाज आला. त्या चाचांशी उर्दूत काहीतरी बोलल्या, आणि मग आमच्यासाठी वऱ्हाडीत:

"इचारू द्या आपाले. मलेबी जाणाचं हाये. मी दोन रात्रीपासून हेच इचारून राह्यली सोताले, कोठी चुकलं म्हनून." मग थोडं थांबून, "टपरीजवळ. तिथंच थांबते ना सगळे. गजाननभाऊनं गाडी बंद नाई केली. मी म्हनलं, अजून थोडं थांबू. मंग मीच म्हनलं, चाला."

गजाननराव अंगणातच होते. ते तोंडावर गमछा धरून रडायला लागले. "मी घरीच थांबाले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "मीच म्हनलं, घेऊन जाऊ."

"नाही, गजाननभाऊ," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बरोबर केलं. मी असते तर मीही गाडी काढली असती. तुम्ही टपरीजवळ उभे होते तेव्हा कोणाशी बोलायला काही साधन होतं?"

"नोतं."

"बस. एवढंच विचारायचं होतं."

त्या उठल्या आणि आत गेल्या. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. त्यात मॅडमचा होता की नाही, मला ओळखता आलं नाही. तोवर मी त्यांना रडताना ऐकलेलं नव्हतं.

यानंतर काही आठवड्यांनी मंजुरीची बैठक झाली. पडद्यावर नकाशा लावायला मॅडमनी मला नेलं होतं. आराखडा सगळ्यांना पसंत होता. एका मोठ्या साहेबांनी सहीसाठी पेनही काढलं होतं. तेव्हा मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हा आराखडा मंजूर करू नये.

साहेबांना वाटलं, त्या भावाच्या दुःखात बोलत आहेत. ते सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, एका घटनेवरून..."

"एका घटनेवरून नाही," मॅडम म्हणाल्या. "मी बंबवाले हलवले, ॲम्ब्युलन्स हलवली, आगीकडे धावणारी गर्दी हलवली. रुग्णाला मात्र मी घरात झोपवून ठेवलं. आपल्याकडे रुग्ण घरात झोपत नाही. त्याला कोणीतरी उचलून निघालेलं असतं. तोही वाटेवर असतो. मी या भागात जन्मले आणि हे माझ्या नकाशात नाही."

"मग लोकांना सांगू की घरीच थांबा," साहेब म्हणाले. "पत्रकं वाटू. गावोगावी पाट्या लावू."

"माझा भाऊ अंगणात पडला असता तर मी पाटी वाचून थांबले नसते," मॅडम म्हणाल्या. "जे मी करणार नाही, ते मी दोन जिल्ह्यांच्या लोकांकडून कसं धरून चालू?"

आराखडा परत घेतला गेला. इतक्या वर्षांचं काम एका दुपारी बाजूला ठेवलं गेलं, आणि ठेवणाऱ्या त्या स्वतः होत्या. जिना उतरताना मी त्यांना विचारलं, "आता काय, मॅडम?" त्या म्हणाल्या, "आता टपऱ्या पाहू."

आणि खरंच आम्ही टपऱ्या पाहिल्या. पुढच्या सबंध हंगामात मी ॲम्ब्युलन्सवर बसलो नाही, फाट्यांवर बसलो. कोण कुठून येतं, कुठं थांबतं, कोणत्या दिशेला तोंड करून उभं राहतं. बसायचं काम मला जड गेलं, पण फाट्यावर बसणं म्हणजे बसणं नाही, तिथं सगळी दुनिया येऊन जाते. मॅडमही येत. स्टुलावर बसून चहा पीत आणि येणाऱ्याला विचारत, तुमच्याकडे कोणी आजारी पडलं तर पहिल्यांदा काय करता? लोक सांगत, आणि सांगताना घरातलं बाकीचंही सांगत. मॅडम सगळं ऐकून घेत. एका आजीने त्यांना सुनेच्या तक्रारी ऐकवल्या आणि शेवटी म्हणाली, "बाई, तू डॉक्टर हायस ना, तिले काहीतरी गोळी दे." मॅडमनी गंभीरपणे सांगितलं की त्या वेगळ्या डॉक्टर आहेत. आजी म्हणाली, "मंग काय फायदा?"

नवा आराखडा तयार झाला तो असा. खांब गावात किंवा दवाखान्यापाशी नाही, आधी फाट्यांच्या टापूत. आणि फाट्यावरच्या टपरीत एक साधा वायरलेस संच, बटन दाबलं की ॲम्ब्युलन्सशी बोलता येईल असा. टपरीवाल्याला शिकवायचं. रुग्ण घेऊन निघालेला माणूस फाट्यावर थांबणारच. तो थांबेल तिथंच त्याला बोलता आलं पाहिजे. लोकांची सवय मोडायची नाही, तिच्यावर विसंबायचं. संगणकावरच्या ठिपक्यांमध्ये आता रुग्णाचाही ठिपका होता, ॲम्ब्युलन्सकडे सरकणारा.

मंजुरी मिळाली ती फक्त चांदूर बाजारच्या बाजूच्या काही फाट्यांपुरती, आणि तीही चाचणी म्हणून. मॅडमनी ती घेतली. भीमराव काका निवृत्तीला आले होते, तरी त्यांनी मागून बदली करून घेतली. आम्ही पुन्हा एकदा ॲम्ब्युलन्सवर बसलो.

पहिले कितीतरी दिवस संचावर नुसत्या गप्पा. टपरीवाले एकमेकांना कापसाचा भाव विचारत. मॅडम मध्येच, "हे यासाठी नाही," असं म्हणत आणि मग भाव ऐकून घेत. मग एका सकाळी फोन आला. संत्र्याच्या बागेत गवत काढताना एका बाईंना साप चावला होता. आम्ही निघालो. दोन वाटा फुटतात तिथं भीमराव काकांनी गाडी हळू केली. संचात आवाज नव्हता. मी बटन दाबून विचारलं, "फाट्यावर कोणी हाये का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग खरखर झाली आणि एक पोरगा ओरडून बोलायला लागला.

"इकडं हाओ आमी. ट्रॅक्टर हाये. बुढीले आनलं. कोन्या रस्त्यानं येऊ?"

"कोन्याच नाई," भीमराव काका म्हणाले. "तिथंच उभा राय, बाप्पा. हालू नोको. आमी येतो."

त्यांनी गाडी सोडली. फाट्यावर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पोत्यावर म्हातारी बसलेली, पाय वर बांधलेला, आणि लेकावर ओरडत होती. नर्सताई चढल्या. मी संचावर बोललो, "भेटलो, मॅडम."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, संच बंद पडला. मी पुन्हा म्हणालो, "मॅडम, भेटलो आमी त्यायले. जिती हाये. शिव्या देऊन राह्यली."

बऱ्याच वेळाने मॅडमचा आवाज आला. रोजच्यासारखा नव्हता. "ते कोणत्या रस्त्याने आले?" त्यांनी विचारलं.

म्हातारी वाचली. सायरा भाभी आता अकोल्यात सासूजवळ राहत होत्या, मॅडमनी तिथं जाऊन त्यांना हे सांगितलं. भाभींनी सगळं ऐकून विचारलं, "नाव काय तिचं?" मॅडमना माहीत नव्हतं. भाभी म्हणाल्या, "आपा, नाव इचारून या." मग मला पाठवलं गेलं. म्हातारीचं नाव शेवंताबाई. पण नावावर भागलं नाही. एक दिवस मॅडम भाभींना घेऊन चांदूर बाजारकडे निघाल्या, मला सोबत घेऊन. भाभी हारूनभाई गेल्यानंतर पहिल्यांदाच इतक्या लांब घराबाहेर पडल्या होत्या, आणि अकोल्याहून निघताना गाडी त्यांच्याच सांगण्यावरून त्यांच्या गावच्या फाट्यावरून आली होती. तिथं त्यांनी गाडी थांबवायला सांगितली नाही. नुसतं काचेतून पाहिलं.

शेवंताबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. दोन अनोळखी बाया पाहून म्हणाल्या, "तुमी कोन वं? बँकेच्या हाये का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला पाहायला आलो."

"मले काय पाह्यता? माह्या पोट्ट्याले पाहा. साप मले चावला आन् ताप त्याले आला."

भाभी हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्या. मॅडमनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि काही न बोलता त्यांच्याशेजारी बसून शेंगा फोडायला लागल्या. जाताना शेवंताबाईंनी दोघींच्या ओटीत शेंगा घातल्या. गाडीत बसल्यावर भाभींनी शेंगा पदराच्या गाठीत बांधल्या. मग म्हणाल्या, "आपा, आपल्या फाट्यावर कवा लावता थे मशीन?"

मॅडमनी उत्तर दिलं, "मागून राह्यलो. अजून देत नाहीत."

आज हे लिहितो आहे तोवर अकोल्याच्या बाजूचे फाटे मंजूर झालेले नाहीत. मॅडम नोकरीतून मोकळ्या होत आहेत आणि लोक त्यांना विश्रांती घ्या म्हणून सांगत आहेत. मी परवा त्यांना भेटलो तेव्हा त्यांच्या टेबलावर पूर्णेकाठचा नकाशा पसरलेला होता. त्यांनी मला बस म्हटलं नाही, उभ्या उभ्याच विचारलं, "सोमवारी मोकळा हायेस का, बाबू?" मी हो म्हणालो. मी सहसा सोमवारचं वचन कोणाला देत नाही.

तर या ग्रंथात बाकीचे मोठे लोक मॅडमना निवांत आयुष्य चिंततील. मी ते चिंतू शकत नाही. मॅडम, तुमचे गुडघे शाबूत राहोत, नजर चष्म्यासह तशीच तिखट राहो, साखर हद्दीत राहो, आणि तुम्हाला इतकं लांब आयुष्य मिळो की सायरा भाभींच्या फाट्यावरच्या टपरीत एक दिवस संच खरखरेल, पलीकडे तुम्हीच असाल, आणि कोणीतरी घाबरलेला माणूस तुम्हाला सांगेल की ॲम्ब्युलन्स दिसली.